हिब्रूचे पहिले पाचशे शब्द: एकट्यानं शिकणाऱ्यांसाठी

हिब्रू शिकायला बसलेली माणसं सहसा अक्षरांपाशी अडत नाहीत. अक्षरं 22, उजवीकडून डावीकडे लिहायची, आणि त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत अडखळत का होईना वाचता येतं. खरी अडचण त्यानंतर येते. ‘सर्वात जास्त वापरले जाणारे हजार शब्द’ अशी यादी कुठून तरी उतरवून घ्यायची, रोज वीस शब्द घोकायचे, आणि महिन्याभरानं कुणी ‘पाणी हवंय का’ हे हिब्रूत विचारायला सांगितलं तर तोंड उघडत नाही. बडोद्यातल्या दोघा-चौघा मुलामुलींचं असं झालेलं मी पाहिलं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका, दांडिया बाजारात राहते. माझी भाची इस्राएलमध्ये अश्दोदला एका आजींच्या सेवेला आहे. ती निघण्याच्या आधीपासून आम्ही दोघी शब्द घेऊन बसायचो. ती गेल्यावरही मी थांबले नाही, कारण तोवर भाषेनं मला धरून ठेवलं होतं. वर्ग नाही, शिक्षक नाही. वही, फोन आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतली शांत खुर्ची एवढंच भांडवल. माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिले शब्द तुमच्या स्वतःच्या दिवसातून घ्या, मराठीतून थेट हिब्रूत जा, मध्ये इंग्रजी घालू नका, आणि सुटा शब्द वहीत लिहूच नका. हिब्रू म्हटलं की सगळे आधी धातूंबद्दल, म्हणजे ज्या व्यंजनांतून शब्दांची कुटुंबं निघतात त्यांच्याबद्दल, बोलू लागतात. धातू फार सुंदर आहेत, पण त्यांची वेळ दोनशे शब्दांनंतर येते.

वही आणि उच्चार

वहीत तीन रकाने पुरेत: मराठी, हिब्रू लिपीतला शब्द, आणि देवनागरीत उच्चार. या शहराला रकान्यांची वही नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांसाठी ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषी कोश 1931 साली निघाला. त्यात एका शब्दासमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द मांडले आहेत. आपल्याला दोनच भाषा हव्यात, पण मांडणीची शिस्त तीच.

उच्चार रोमन अक्षरांत लिहू नका. आपल्या देवनागरीत हिब्रू कितीतरी नीट बसते. हिब्रूत ट, ड नाहीत. त, द आहेत. हे रोमनमध्ये कळतच नाही. ‘त्सादी’ या अक्षराचा आवाज म्हणजे आपल्या ‘चांगला’ किंवा ‘चाक’मधला च. शेजारच्या गुजराती मैत्रिणीला तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. ‘पिवळा’ म्हणजे त्साहोव, हा शब्द म्हणून बघा. या लेखात जिथे जिथे ख आहे तिथे तो घशातून घासून काढायचा, उर्दू बोलणारे ‘खबर’ म्हणताना काढतात तसा. आपल्या खडूमधला ख हिब्रूत नाहीच. घ, भ, ठ, ध हेही नाहीत. आणखी एक: मराठीतला आखूड ‘अ’ तिथे नसतो, म्हणून देवनागरीत जवळजवळ सगळीकडे ‘आ’ लिहावा लागतो. शाबात, शालोम, तोदा.

जोर कुठे द्यायचा तेही त्याच वेळी टिपा. बहुतेक शब्दांत तो शेवटी पडतो: शालोममध्ये ‘लोम’वर, तोदामध्ये (आभार) ‘दा’वर. पण सेफेर (पुस्तक), मेलेख (राजा), लेखेम (पाव) यांत पहिल्या अक्षरावर. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं सारख्या वजनानं बोलतो आणि मग समोरचा ‘काय?’ विचारतो. जोराच्या अक्षराखाली रेघ ओढायची, बस.

देवनागरीचा रकाना कायमचा नाही. शब्द पक्का झाला की उच्चारावर पट्टी ठेवून हिब्रू अक्षरांवरूनच वाचायचं. मुलांची पुस्तकं, कविता आणि धर्मग्रंथ सोडले तर छापील हिब्रूत स्वरांच्या खुणा नसतात. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं सेफेर असू शकतात, सापार (न्हावी) असू शकतात किंवा साफार (त्यानं मोजलं). कुठला ते, तुम्हाला शब्द आधीच माहीत असेल तरच वाचता येतं. हिब्रूत शब्दसंग्रह आणि वाचन ही दोन वेगळी कामं नाहीत, ती याच कारणानं.

आधी छोटे शब्द

पहिल्या पन्नासांत एकही ‘वस्तू’ नसली तरी चालेल. प्रश्न विचारणारे आणि वाक्य जोडणारे शब्द आधी घ्या: मा (काय), मी (कोण), एइफो (कुठे), माताय (कधी), लामा (का), एइख (कसं), कामा (किती). मग केन (हो), लो (नाही), येश (आहे), एइन (नाहीये), गाम (सुद्धा), राक (फक्त), आखशाव (आता), ओद (आणखी), क्त्सात (थोडं), हार्बे (खूप), पो (इथे), शाम (तिथे), आवाल (पण), की (कारण), इम (बरोबर), ब्ली (शिवाय). सर्वनामं: आनी (मी), आता (तू, पुरुषाला), आत (तू, बाईला), हू (तो), ही (ती), आनाख्नू (आपण, आम्ही). ‘मी’ म्हणजे ‘कोण’ आणि ‘ही’ म्हणजे ‘ती’ हे आपल्या कानाला उलटसुलट वाटतं. त्या दोघांना सुरुवातीलाच मोठ्यानं म्हणून घ्या: मी ही? – ती कोण?

एवढ्यावर संभाषण सुरू होतं, कारण वर्तमानकाळात हिब्रूला ‘आहे’ लागत नाही. आनी पो म्हणजे मी इथे आहे. एइफो हाखादेर? म्हणजे खोली कुठे आहे?

यानंतरचा भाग मराठी माणसासाठी मेजवानी आहे. ‘ली’ म्हणजे मला. येश ली सेफेर – माझ्याकडे पुस्तक आहे; ‘जवळ असणं’ यासाठी वेगळं क्रियापदच नाही, अगदी आपल्यासारखं. कार ली – मला थंडी वाजतेय. खाम ली – मला उकडतंय. कोएव ली – मला दुखतंय. काशे ली – मला अवघड जातंय. नोआख ली – मला बरं, आरामशीर वाटतंय. इंग्रजीतून शिकणारा इथे गोंधळतो. मराठीतून आलेल्याला वाक्य आधीपासून तयार मिळतं, फक्त शब्द बदलायचे. ‘ली’च्या जागी लेखा (तुला, पुरुषाला), लाख (तुला, बाईला), लो (त्याला), ला (तिला) ठेवलं की एका शब्दातून पाच वाक्यं निघतात. ‘त्याला’मधला लो आणि नकारातला लो कानाला सारखेच, लिहिताना वेगळे. आजारी माणसाजवळ राहणाऱ्याला याहून उपयोगी शब्द नाहीत. एइफो कोएव लाख? – कुठे दुखतंय तुम्हाला? भाचीला हे वाक्य मी निघण्यापूर्वी इतक्यांदा म्हणायला लावलं की तिच्या आईलाही ते येऊ लागलं.

चार क्रियापदांवर चाळीस वाक्यं

क्रियापदांचे सगळे काळ पाठ करायला बसू नका. चार रूपं घ्या. बाईनं बोलायची: आनी रोत्सा (मला हवंय), आनी त्स्रीखा (मला लागतं, करायला हवं), आनी येखोला (मला येतं, जमतं), आनी ओहेवेत (मला आवडतं). पुरुषानं: रोत्से, त्सारीख, याखोल, ओहेव. यांच्यापुढे ‘-ायला’चं रूप जोडायचं, जे हिब्रूत ल-नं सुरू होतं: लालेखेत (जायला), लिश्तोत (प्यायला), लेएखोल (खायला), लिशोन (झोपायला), लाकूम (उठायला), लाशेवेत (बसायला), लिक्नोत (विकत घ्यायला), लेदाबेर (बोलायला), लेहित्राखेत्स (आंघोळ करायला). आत रोत्सा लिश्तोत? – प्यायला हवंय का? आनी त्स्रीखा लालेखेत – मला जायला हवं. भूतकाळ, भविष्यकाळ अजून आले नसतील तरी दिवस निभावतो.

बोलणारी बाई आहे की पुरुष यावर क्रियापद बदलतं म्हणून पुष्कळजण हिरमुसतात. मराठी माणसानं हिरमुसायचं कारण नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ आपण रोज करतो; आनी होलेख आणि आनी होलेखेत तेच आहे. बडोद्यात आपल्या आजूबाजूला ‘हुं जाउं छुं’ बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो, म्हणून इथे वाढलेल्या मुलांनी थोडं लक्ष द्यावं लागतं इतकंच. मुलींनी आपली सगळी वाक्यं स्त्रीलिंगीच पाठ करावीत. पुस्तकांत आणि ॲपमध्ये पुल्लिंग आधी येतं आणि तेच जिभेवर बसतं. वहीत लिहितानाच ते बदलून घ्या.

वस्तू: लिंग आणि अनेकवचन एकाच वेळी

आता नामं. इथे घाई करायची नाही.

मराठीत तीन लिंगं, हिब्रूत दोनच. पण आपलं लिंग तिथे नेता येत नाही. आपली खुर्ची आणि खिडकी स्त्रीलिंगी. हिब्रूत किसे (खुर्ची) आणि खालोन (खिडकी) पुल्लिंगी. आपलं दार नपुंसक, देलेत स्त्रीलिंगी. आपला चमचा पुल्लिंगी. काफ आणि छोटा चमचा कापित, दोन्ही स्त्रीलिंगी. पाणी तर तिथे नेहमी अनेकवचनी: मायिम कारीम, थंड पाणी.

साधा नियम असा की पुल्लिंगी नामाला अनेकवचनात ‘ईम’ लागतं, स्त्रीलिंगीला ‘ओत’: येलेद–येलादीम (मुलगा–मुलगे), मिता–मितोत (पलंग). आणि मग घरात नजर फिरवली की नियमाला न जुमानणारे नेमके सगळ्यात गरजेचे शब्द निघतात. शुल्खान–शुल्खानोत (टेबल), किसे–किसओत, खालोन–खालोनोत, कीर–कीरोत (भिंत): चारही पुल्लिंगी, शेवट मात्र ‘ओत’. उलट मिला–मिलीम (शब्द), शाना–शानीम (वर्ष), बेइत्सा–बेइत्सीम (अंडं) स्त्रीलिंगी असून ‘ईम’.

यावर माझा उपाय: नामाशेजारी ‘पु.’ किंवा ‘स्त्री.’ असं कधीच लिहायचं नाही. त्याऐवजी विशेषण जोडून लिहायचं. शुल्खान गादोल, शुल्खानोत ग्दोलीम (मोठं टेबल, मोठी टेबलं). देलेत ग्दोला, द्लातोत ग्दोलोत. विशेषण खोटं बोलत नाही. नाम कसंही वागलं तरी त्याच्यामागचं ‘ग्दोलीम’ सांगतं की हे पुल्लिंगी आहे. जीभ जोडी लक्षात ठेवते, कंसातली खूण ठेवत नाही. गादोल, कातान (लहान), तोव (चांगलं), खादाश (नवं), कार, खाम एवढी सहा विशेषणं घेतली की घरातली प्रत्येक वस्तू त्यांत बसते.

वस्तू कुठून घ्यायच्या? जिथे तुम्ही रोज हात लावता तिथून. सकाळी स्वयंपाकघर: मेलाख मीठ, सुकार साखर, खालाव दूध, ते चहा, कोस पेला, त्सालाखात ताटली, सीर पातेलं. भाजीसाठी मी खंडेराव मार्केटला जाते आणि पिशवीत पडणाऱ्या प्रत्येक भाजीला तिचं हिब्रू नाव मनात देते: बात्साल (कांदा), शूम (लसूण), खात्सील (वांगं), गेझेर (गाजर), क्रूव (कोबी), मेलाफेफोन (काकडी), आग्वानिया (टोमॅटो), लिमोन (लिंबू). बटाट्याला तापुआख आदामा म्हणतात, शब्दशः जमिनीतलं सफरचंद, म्हणजे एका खरेदीत तापुआख (सफरचंद) आणि आदामा (जमीन) हे दोन शब्द जास्तीचे. वस्तू हातात असताना घेतलेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तुम्ही मकरपुऱ्याला कारखान्यात जात असाल तर तुमचे शब्द पेटीतल्या अवजारांचे असू द्या. वांगी माझी, पाने तुमचे.

शरीराचे अवयव मी एका दमात घ्यायला सांगेन, कारण त्यांत आणखी एक गोष्ट हाती लागते. जोडीनं असणाऱ्यांना ‘आयिम’ लागतं: यादायिम (हात), राग्लायिम (पाय), एइनायिम (डोळे), ओझ्नायिम (कान). संस्कृतचं द्विवचन शाळेत केलेल्यांना गंमत वाटेल. तोच शेवट चष्म्याला (मिश्काफायिम), विजारीला (मिख्नासायिम), कात्रीला (मिस्पारायिम) आणि सायकललाही (ओफानायिम).

आकडे आणि वार

आकड्यांना दोन जोड्या आहेत आणि त्या उलट्या दिसतात: शालोश हे स्त्रीलिंगी तीन, श्लोशा पुल्लिंगी. दोन्ही एकदम घेऊ नका. नुसतं मोजताना, फोन नंबर सांगताना, वाजले किती सांगताना स्त्रीलिंगीच लागतात: आखात, श्तायिम, शालोश, आर्बा, खामेश, शेश, शेवा, श्मोने, तेशा, एसेर. ते पक्के झाल्यावर, पैसे मोजायची वेळ आली की दुसरी जोडी, कारण शेकेल पुल्लिंगी: खामिशा श्कालीम, पाच शेकेल. वार तर आकड्यांवरूनच आहेत, रविवार म्हणजे योम रिशोन (पहिला दिवस), सोमवार योम शेनी, असं शिशीपर्यंत, मग शाबात.

उजळणी

मुलं मला विचारतात, मावशी, रोज किती शब्द? मी सात-आठ सांगते, आणि आजारी पडलात तर शून्य. पण जुन्यांची उजळणी एकही दिवस चुकवायची नाही. औषधाचा सगळा कोर्स एका दिवशी गिळून भागत नाही, ठरल्या वेळी ठरलेली मात्रा लागते, तसंच हे. नवा शब्द त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं भेटला पाहिजे. विसरायच्या बेतात असताना आठवणं हाच व्यायाम. फोनवर अँकी हे ॲप हा हिशेब स्वतः ठेवतं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे. मला स्वतःला बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून ठेवलेली पत्ती आवडतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे त्यासाठी उत्तम. आठवला की पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यातून एकदा.

पत्तीवर मराठी वर, हिब्रू मागे. उलट दिशा सोपी असते आणि फसवते. ओळखणं म्हणजे बोलता येणं नाही. आणि उत्तर नेहमी मोठ्यानं. मनातल्या मनात सगळ्यांचेच उच्चार चांगले असतात.

आता धातू

दोनशे-अडीचशे शब्द झाले की तुमच्याच वहीत कुटुंबं दिसू लागतात, आणि ती स्वतःला दिसली की विसरत नाहीत. रोफे (डॉक्टर), त्रूफा (औषध), मिर्पाआ (दवाखाना), रेफुआ (वैद्यक) – सगळ्यांत रेश, पे, आलेफ ही तीन व्यंजनं. ‘रेफुआ श्लेमा’ हे आजाऱ्याला म्हणायचं, पूर्ण बरे व्हा. लिख्तोव (लिहायला), कोतेव (लिहितो), मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता) – काफ, तेत नव्हे तर ताव, आणि बेत. यात क कधी ख होतो आणि ब चा व. ती अक्षरं तीच असतात, जागेप्रमाणे आवाज बदलतो. पे चा तसाच फ होतो: पातुआख (उघडं), लिफ्तोआख (उघडायला), माफ्तेआख (किल्ली). ही अदलाबदल क/ख, ब/व, प/फ एवढ्या तीनच जोड्यांत होते हे कळलं की निम्मे अनोळखी शब्द ओळखीचे निघतात.

धातूइतकाच साचा महत्त्वाचा, आणि त्याकडे कमी लोक लक्ष देतात. कारागिरांचा एक साचा आहे: ताबाख (आचारी), सापार (न्हावी), नागार (सुतार), खायात (शिंपी). माझा लाडका साचा आजारांचा, शेवट ‘एत’चा. त्साहोव म्हणजे पिवळा, तर त्साहेवेत कावीळ. आदोम लाल, तर आदेमेत म्हणजे अंगावर लाल पुरळ येतो तो रुबेला. केलेव कुत्रा, कालेवेत रेबीज. कात्सार आखूड, कात्सेरेत दमा, श्वास आखूड पडतो म्हणून. सुकार साखर, सुकेरेत मधुमेह. आयुष्यभर वॉर्डात काम केल्यावर हा साचा समजला त्या संध्याकाळी मी वहीची दोन पानं सलग भरली. आणि आखोत हा शब्द बहिणीलाही आहे, नर्सलाही. आपल्याकडे वॉर्डात ‘सिस्टर’ म्हणतात तेच.

ही भाषा इतकी रचनेत बसते त्याला इतिहासही आहे. शतकानुशतकं हिब्रू मुख्यतः प्रार्थनेत आणि ग्रंथांत होती. एलिएझेर बेन येहुदा (1858–1922) 1881 मध्ये जेरुसलेमला आले आणि घरात फक्त हिब्रू बोलायचं त्यांनी ठरवलं. रोजच्या जगण्याला शब्द कमी पडत, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी जुन्या धातूंना साचे लावून नवे घडवले. ‘शब्दकोश’ या अर्थाचा मिलोन हा शब्द त्यांनी मिलावरून केला. आज ते काम 1953 मध्ये स्थापन झालेली हिब्रू भाषा अकादमी करते. संगणकाला माख्शेव म्हणतात, विचार आणि गणन यांच्या धातूवरून. त्याच कुटुंबातला खेश्बोन म्हणजे आपला हिशेब. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेली ही भावंडं आणखीही आहेत: ताआरिख (तारीख), केवेर (कबर), साबोन (साबण). अशांची एक वेगळी यादी करा, ती फुकटात मिळते.

मराठीतून हिब्रू ही वाटही जुनी आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मायबोली मराठी. मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, आणि 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली.

कोशात शब्द सापडत नाही तेव्हा

आपण विभक्ती शब्दामागे लावतो, हिब्रू पुढे चिकटवते. बायित घर, बाबायित घरात, मेहाबायित घरातून, वेहाबायित आणि घर. सात अक्षरं अशी पुढे चिकटतात: मेम, शिन, हे, वाव, काफ, लामेद, बेत. ती लक्षात ठेवायला तिथली मुलं ‘मोशे वेकालेव’ हे म्हणतात, त्यात सातही आहेत. शब्द कोशात मिळाला नाही की पुढून एकेक अक्षर सोलून पुन्हा बघा. क्रियापदांसाठी पेआलीम हे संकेतस्थळ वापरा: सगळी रूपं स्वरखुणांसह, जोर कुठे ते दाखवून, आवाजासकट. अर्थासाठी मॉर्फिक्स. दोन्ही इंग्रजीतून आहेत, तर अर्थ वाचा आणि वहीत मराठीच उतरवा.

ऐकण्यासाठी इस्राएलच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, ‘कान’च्या, बातम्या घरकाम करताना लावून ठेवा. सगळं समजण्याची अपेक्षा ठेवू नका. आपल्या खोक्यातला एखादा शब्द ओळखीच्या आवाजात कानावर पडला की तो पुढच्या कप्प्यात गेलाच म्हणून समजा.

आणि ही वाक्यं तर शब्दांच्याही आधी फोनशेजारी चिकटवून ठेवा. मा झे? – हे काय? एइख ओमरीम ‘...’ बेइव्रित? – हिब्रूत ‘...’ला काय म्हणतात? ओद पाआम, बेवाकाशा – पुन्हा एकदा, कृपया. लेआत, लेआत – हळू, हळू. अश्दोदच्या आजी आता स्वतःच कपाटातल्या वस्तूंवर बोट ठेवून भाचीला विचारतात, मा झे? आणि रात्री तीच यादी माझ्याकडे फोनवर येते. मी ती पत्त्यांवर उतरवून पहिल्या कप्प्यात टाकते.